ड्रॉपरचे पेन आणि परंपरेचा दावा

'पारंपरिक' हा शब्द सोलापुरात जागोजागी छापलेला दिसतो. चादरीच्या वेष्टनावर तो असतो, शेंगाचटणीच्या पाकिटावर असतो, कडक भाकरीच्या पुडक्यावरही असतो. अलीकडे तो शाईच्या पेनांच्या डब्यांतही दिसू लागला आहे. माझ्या टेबलावर सध्या असलेले पेन अशाच एका डबीतून आले. सोबतच्या चिठ्ठीवर तीन विशेषणे होती : हस्तनिर्मित, पारंपरिक, भारतीय. पेन अ‍ॅक्रिलिकचे आहे, ड्रॉपरने शाई भरायचे आहे आणि लेथवर एकेक नग कातून तयार केलेले आहे. घडवणाऱ्याचे नाव मी येथे देत नाही, कारण हा लेख एका कारागिराचे गुणदोष मोजण्यासाठी नाही. अशी पेने आज देशात अनेक ठिकाणी बनतात आणि जवळजवळ सगळ्यांसोबत हीच तीन विशेषणे येतात. ती कितपत खरी आहेत, हे तपासायचे आहे.

मी हे पेन दहा महिने रोज वापरले. तुलनेसाठी आंध्रातले एक जुन्या धाटणीचे एबोनाइटचे पेन शेजारी ठेवले. दोन्ही उघडली, मोजली, धुतली, पुन्हा भरली. अ‍ॅक्रिलिकचे पेन टोपणासह १४८ मिलिमीटर लांब आहे. नळीचा बाहेरचा व्यास साडेचौदा मिलिमीटर आणि आतला नऊ, म्हणजे भिंत पावणेतीन मिलिमीटर जाड. पोटात सुमारे ३ मिलिलिटर शाई मावते. परदेशी पेनांमध्ये जो ओढून भरायचा कन्व्हर्टर असतो, त्यात मिलिलिटरभरही शाई राहत नाही. एका भरणीत पंधरवडा निघतो, हे या जातीच्या पेनाचे पहिले सुख.

ड्रॉपर का टिकला

लुईस वॉटरमनने १८८४ साली अमेरिकेत जे पेटंट घेतले, त्यातला मुद्दा शाई साठवण्याचा नव्हता. शाई साठवणे सोपे होते. ती हवी तेवढीच खाली उतरवणे अवघड होते. निबेखाली जी पट्टी असते, तिला आपल्याकडे 'जीभ' म्हणतात. त्या जिभेत बारीक चरे पाडून त्याने शाईला खाली आणि हवेला वर जायची वाट करून दिली. शाई मात्र ड्रॉपरनेच भरावी लागे. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत परदेशी कंपन्यांनी ड्रॉपर टाकून दिला. पोटात रबरी पिशवी आणि ती दाबायला काहीतरी कळ, अशी रचना आली. शेफरच्या तरफेचे पेटंट १९०८चे आहे. पुढे दट्ट्या आला, मग काडतूस आले.

भारतात असे झाले नाही. याचे कारण आपण मागासलेले होतो असे सांगितले जाते, ते मला पटत नाही. रबरी पिशवी उन्हाळ्यात चिकट होते, मग कडक होऊन फुटते. ती बदलायला नेमक्या मापाची दुसरी पिशवी लागते. ड्रॉपरच्या पेनात बदलावे असे काही नसतेच. नळी, मान, जीभ, निब आणि टोपण, एवढेच भाग. पिशवी नाही, कळ नाही, स्प्रिंग नाही. ज्याच्याकडे साधा लेथ आणि एबोनाइटचा दांडा आहे, त्याला पेन बनवता येते. हैदराबादला डेक्कन पेन स्टोअर्स १९२८ साली सुरू झाले. राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी १९३२ साली पेने बनवायला घेतली. याच सुमारास, १९३१ साली, मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. तीच पुढे कॅम्लिन झाली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आले आणि या सगळ्यांना बाजार मिळाला. माझ्या पिढीने शाळेत जी पेने वापरली, ती प्लास्टिकची आणि स्वस्त होती, पण पोटातून याच कुळातली होती. खिशावरचा निळा डाग हा त्यांचा शिक्का.

तेव्हा 'ड्रॉपरचे पेन ही भारतीय परंपरा' या विधानात तथ्य आहे. शोध आपला नव्हे. टिकवण्यामागची गरज आणि अक्कल आपली.

उष्णतेची गोष्ट

पेनांच्या शौकिनांत एक मत पक्के रुजले आहे : खरे पारंपरिक पेन एबोनाइटचे, अ‍ॅक्रिलिक ही नवी तडजोड. यासाठी जे कारण दिले जाते ते शास्त्रीय वाटते. ड्रॉपरच्या पेनात शाई कमी झाली की वर हवा साठते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला ढकलते. मग निबेवरून थेंब गळतो. एबोनाइट उष्णता कमी वाहते, म्हणून ते गळत नाही आणि अ‍ॅक्रिलिक गळते, असा युक्तिवाद.

यातला पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर. अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिक. पण उष्णता वाहण्याच्या बाबतीत दोघांत नाव घेण्याजोगा फरक नाही; दोन्ही जवळपास सारखीच मंद. अ‍ॅल्युमिनियम त्यांच्यापेक्षा सुमारे हजारपट जलद उष्णता वाहते. फरक पडतो तो भिंतीच्या जाडीने आणि आत हवा किती आहे याने.

हिशेब सोपा आहे. समजा ३ मिलिलिटरच्या नळीत एक मिलिलिटर शाई उरली आहे, म्हणजे दोन मिलिलिटर हवा. खोलीत १८ अंश तापमान आहे आणि हातात धरल्यावर आतली हवा ३२ अंशांपर्यंत गेली. हवा साधारण पाच टक्के फुगेल, म्हणजे एक दशांश मिलिलिटर. ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर, तेव्हा हे झाले दोन थेंब. वहीच्या पानाची वाट लावायला पुरेसे. हीच नळी काठोकाठ भरलेली असेल आणि आत अर्धाच मिलिलिटर हवा असेल, तर अर्धा थेंबही बाहेर ढकलला जात नाही. जीभ तेवढा सहज धरून ठेवते. नळी एबोनाइटची असो की अ‍ॅक्रिलिकची, हा हिशेब बदलत नाही.

सोलापूरकरांसाठी यात एक गंमत आहे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी खोलीतच ३८-४० अंश असतात. हाताची त्वचा त्याहून थंड असते. म्हणजे पेन हातात धरल्यावर आतली हवा तापण्याऐवजी थोडी निवतेच. 'तुमच्या उन्हात ड्रॉपरचे पेन गळत असेल' असे मला बाहेरगावचे लोक म्हणतात. माझ्या नोंदी उलट सांगतात. दहा महिन्यांत हे पेन पाच वेळा गळले. त्यातले चार प्रसंग डिसेंबर-जानेवारीच्या सकाळचे, गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे. पाचवा मे महिन्यातला, पण वातानुकूलित कार्यालयातून बाहेर रिक्षात बसल्यावरचा. एबोनाइटचे पेन त्याच काळात चार वेळा गळले, त्यातले तीन प्रसंग हिवाळ्यातलेच. दोन पेनांच्या नोंदींवरून नियम बांधता येत नाही, हे मान्य. पण वरच्या हिशेबाशी त्या जुळतात.

उन्हाळ्याचा खरा त्रास वेगळा आहे. कोरड्या हवेत निबेवरची शाई वाळते. तिथे नळी कशाची आहे याला महत्त्व नाही, टोपण किती घट्ट बसते याला आहे. या पेनाचे टोपण साडेतीन फेऱ्यांत बसते आणि आतून निबेभोवती जागा फार मोकळी ठेवलेली नाही. मे महिन्यात आठवडाभर बंद ठेवूनही पहिल्या रेघेला शाई आली. हे कसब घडवणाऱ्याचे आहे आणि त्याची दाद द्यायला हवी.

अ‍ॅक्रिलिकचे खरे गुणदोष

मग अ‍ॅक्रिलिकने काय बदलते? पहिली गोष्ट म्हणजे रंग आणि पारदर्शकता. एबोनाइट काळे, तपकिरी, फार तर दोन रंगांच्या लाटा असलेले. ऊन आणि ओल लागली की त्याचा काळा रंग मातकट होतो. अ‍ॅक्रिलिक उन्हात रंग टिकवते आणि आरपार असेल तर शाई किती उरली ते दिसते. वरच्या हिशेबानुसार ड्रॉपरच्या पेनात हीच माहिती सगळ्यांत मोलाची. शाई निम्म्यावर आली की भरा, पेन गळणार नाही. काळ्या एबोनाइटमध्ये हा अंदाज लागत नाही. म्हणजे शौकीन ज्याला दिखाऊपणा म्हणतात, तोच येथे उपयोगाचा गुण ठरतो.

आणि अ‍ॅक्रिलिक काही कालपरवाचे नव्हे. १९४१ साली बाजारात आलेल्या पार्कर ५१ची नळी अ‍ॅक्रिलिकचीच होती. तिला आज कोणी उपरी म्हणत नाही.

दोषही सांगायला हवेत. अ‍ॅक्रिलिक कातायला कठीण. कातताना तापले तर वितळून चिकटते, घाई केली तर आट्यांच्या कडा उडतात. माझ्या पेनाच्या मानेवर दोन आटे किंचित उडालेले आहेत. ग्रीस लावल्यावर गळती नाही, पण बोटाला कळते. दुसरा दोष म्हणजे अ‍ॅक्रिलिकचे अल्कोहोलशी वैर. हात धुवायच्या सॅनिटायझरने किंवा अत्तराने त्याला केसासारखे बारीक तडे जाऊ शकतात. याची सूचना डबीतल्या चिठ्ठीवर नव्हती. तिसरी गोष्ट आपल्या गावची : बोअरच्या पाण्याने धुतले तर आरपार नळीत क्षारांचा पांढुरका थर बसतो. नळाचे पाणी येईल त्या दिवशी भरून ठेवलेले किंवा गाळलेले पाणी वापरावे. एबोनाइटमध्येही तो थर बसतो, फक्त दिसत नाही.

एकूण नळीपुरते बोलायचे तर मी अ‍ॅक्रिलिकच्या बाजूने आहे. परंपरा पदार्थात असते असे मानले तर आपली शाळेतली प्लास्टिकची पेनेही परंपरेबाहेर जातील आणि ते मला मान्य नाही.

वर्ध्याची कसोटी

प्रश्न पुढे आहे, टोकाशी. या पेनाची निब आणि जीभ जर्मन आहे. आज हाताने घडवलेल्या बहुतेक महागड्या भारतीय पेनांचे असेच असते. योवो, बॉक अशा दोन-तीन जर्मन कारखान्यांतून निब, जीभ आणि त्यांना धरणारी आट्यांची नळी असा तयार संच येतो. तो मानेत पिळून बसवायचा. लिहिण्याचे काम प्रत्यक्षात करणारा भाग परदेशी, आणि शाई धरून ठेवणारे घर आपले.

येथे एक जुना दाखला आठवतो. रत्नम यांचे पेन गांधीजींकडे पोहोचले ते वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या, म्हणजे जे. सी. कुमारप्पांच्या मार्फत. जुलै १९३५च्या पत्रात गांधीजींनी रत्नम यांचे आभार मानले आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, अशा अर्थाचे लिहिले. हे पत्र आज प्रत्येक पेनविक्रेता सांगतो. पण त्यामागची कसोटी कोणी सांगत नाही. निबेसकट पेन येथे बनावे, असा त्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ होता. नळी येथे कातून निब बाहेरची लावली असती, तर ते पेन 'पर्याय' ठरले नसते.

याच कसोटीवर आजच्या पेनाला नापास करावे काय? एवढ्या सरळ निकालाला मी तयार नाही. जर्मन संच मागवणाऱ्याचे कारण ग्राहकाला ठाऊक आहे : त्या निबा एकसारख्या येतात. हाताने बनवलेल्या निबेत दहातली एखादी अप्रतिम असते आणि एखादी कागद खरवडते. हजारो रुपये देणारा माणूस, त्यातही परदेशातला, ही जोखीम घेत नाही. कारागिराचे पोट आज त्याच ग्राहकावर आहे. शाळांनी बॉलपेन स्वीकारले तेव्हा त्याचा गावातला ग्राहक गेला. तो परत आणायची जबाबदारी एकट्या कारागिरावर टाकणे अन्यायाचे होईल.

पण कुमारप्पांची कसोटी थोडी वेगळ्या शब्दांत मांडली तर ती आजही चालते. वस्तू कुठून आली, यापेक्षा ती बिघडल्यावर कोण नीट करणार, हे विचारावे. मी दोन्ही पेने आपल्या गावातल्या एका जुन्या पेनदुरुस्तीवाल्याकडे नेली. एबोनाइटच्या पेनाची निब आणि जीभ त्याने आतून बारीक काडीने ठोकून बाहेर काढली. एबोनाइटची जीभ गरम पाण्यात धरली की मऊ होते. तशी ती करून त्याने अंगठ्याने निबेला दाबून बसवली. काम दहा मिनिटांचे. अ‍ॅक्रिलिकच्या पेनाचा संच त्याने कौतुकाने पिळून बाहेर काढला, स्वच्छ केला आणि परत लावला. प्लास्टिकच्या जिभेला ऊब देऊन वळवता येत नाही. निब वाकली तर अख्खा संच नवा मागवावा लागेल, आणि तो त्याच्याकडे कधी येणार नाही.

माझ्या मते परंपरेचा धागा तुटतो तो येथे. ड्रॉपरचे पेन आपल्याकडे टिकले ते कोणाही गल्लीतल्या माणसाला नीट करता येत होते म्हणून. तो गुण नव्या पेनाच्या नळीत शिल्लक आहे, टोकाला नाही.

हात कुठे आहे

'हस्तनिर्मित' या शब्दाचेही असेच बारकाईने पाहावे लागते. सोलापूरकरांना हा प्रश्न नवा नाही. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ती आज बहुतांशी यंत्रमागावर निघते. तरीही ती सोलापुरी आहे, कारण जकार्डची नक्षी, सुताची निवड, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी वीण यांचे ज्ञान येथल्या माणसांच्या डोक्यात आहे. ज्यांनी ते आणले त्यातले कितीतरी पद्मशाली विणकर तेलंगणातून आलेले. म्हणजे हात, यंत्र आणि मूळ गाव यांची सरमिसळ होऊनही परंपरा चालू राहते. मात्र यंत्रमागाच्या चादरीवर 'हातमाग' छापले तर आपण त्याला खोटेच म्हणू.

या पेनात हात कुठे आहे? दांडा तयार आला. निब तयार आली. मधले काम हाताचे : कातणे, पोखरणे, आटे पाडणे, घासणे आणि चमकवणे. हे काम किरकोळ नाही. मान जिथे बोटे धरतात तिथे एक हलका खळगा आहे. तो यंत्राने ठरवलेला नाही, कोणीतरी बोट लावून ठरवलेला आहे. तासभर लिहूनही बोट घसरत नाही. नळीची दोन टोके गोलाईने मिटवली आहेत, ती एकमेकींशी किंचित न जुळणारी आहेत. सावंतवाडीच्या कातकामात लाकडी खेळण्यांवर जशी कातारी माणसाची सवय दिसते, तशी ती येथे दिसते. या भागापुरता 'हस्तनिर्मित' हा शब्द या पेनाने कमावलेला आहे.

निवाडा

आता तिन्ही विशेषणांचा हिशेब. हस्तनिर्मित : नळी, मान आणि टोपण यांपुरते खरे. पारंपरिक : शाई भरण्याच्या रीतीत आणि घडणीत खरे, पदार्थाबद्दल वाद निरर्थक, टोकापाशी खरे नाही. भारतीय : कसबाने भारतीय, पण लिहिण्याचा भाग भारतीय नाही.

पेन म्हणून विचाराल तर हे चांगले पेन आहे. सुबक आहे, हलके आहे, पोटभर शाई घेते, उन्हाळ्यात वाळत नाही. उडालेल्या आट्यांचा दोष सोडला तर काम नेटके आहे. मी कोणालाही ते घ्यायला सुचवीन. पण घडवणाऱ्यांकडे माझ्या तीन मागण्या आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. एक, चिठ्ठीवर विशेषणांऐवजी भाग लिहावेत : दांडा कुठला, निब कुठली, जीभ कुठली, कातले कोठे. दोन, जर्मन संचाबरोबर एबोनाइटची हाताने चरे पाडलेली जीभ आणि तिच्यावर बसणारी भारतीय निब असा एक पर्याय ठेवावा. निबा कानपूरला आजही बनतात आणि एबोनाइटची जीभ कापणारे हात आंध्रात अजून आहेत. ग्राहकाने जर्मन निब निवडली तर निवडू द्या; पण निवडायला दुसरे काही असावे. तीन, त्याच मानेचे एखादे साधे, बिनचकाकीचे पेन विद्यार्थ्याला परवडेल अशा किमतीत काढावे. शौकिनांच्या कपाटात राहणाऱ्या वस्तूचे आयुष्य शौकाइतकेच असते. दुरुस्तीवाल्याला रोज चार पेने आली तरच त्याचा मुलगा ते काम शिकेल, आणि मग जीभ कापणाऱ्याच्या मालालाही गिऱ्हाईक मिळेल.

आपल्या बाजूनेही थोडे करण्यासारखे आहे. विकत घेताना निब कुठली, हे विचारावे. गावात पेनदुरुस्ती करणारा कोणी उरला असेल तर घरातली जुनी पेने त्याच्याकडे न्यावीत. सॅनिटायझरच्या हाताने अ‍ॅक्रिलिकला धरू नये. आणि शाई निम्म्याखाली जाऊ देऊ नये, विशेषतः मार्गशीर्ष-पौषातल्या सकाळी.